म्यान कुणी केलं?

मराठीत धारेच्या हत्यारांना नावांची कमतरता नाही. तलवार, समशेर, तेगा, फिरंग, धोप, खांडा, पट्टा. कमरेला खोचायची कट्यार, खंजीर, जंबिया, बिचवा. रोजच्या कामाचे सुरी, चाकू, सत्तूर, विळा, कोयता. पण या सगळ्यांना झाकणाऱ्या, आणि ते बाळगणाऱ्याच्या मांडीला नि बोटांना जपणाऱ्या वस्तूला आपल्याकडे एकच शब्द चालतो: म्यान. तलवारीचंही म्यान आणि चार बोटांच्या चाकूचंही म्यानच. आणि तो एक शब्दही फारसीतून आलेला.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे असे शब्द दिसले की मला पुढे जाववत नाही. फारसीत मियान म्हणजे मध्य, आणि मियान म्हणजे कंबरही. ‘दरम्यान’ हा आपला रोजचा शब्द त्याच घरातला. कमरेला असणारी, पात्याला आपल्या मध्ये घेणारी वस्तू, असे दोन्ही अर्थ म्यानाला लागू पडतात. उर्दू साहित्यात मात्र म्यानापेक्षा ‘नियाम’ हा शब्द जास्त भेटतो; उपसलेली तलवार म्हणजे शमशीर-ए-बेनियाम. गंमत अशी की उर्दू लिपीत दोन्ही शब्दांची अक्षरं तीच चार: नून, ये, अलिफ, मीम. पहिलं आणि शेवटचं अक्षर एकमेकांच्या जागी ठेवलं की नियामचं मियान होतं. फळ्यावर लिहून दाखवलं की मुलं लगेच खूश होतात.

संस्कृतात म्यानाला ‘कोश’ असा छान शब्द आहे. कोश म्हणजे खजिना, कोश म्हणजे शब्दसंग्रह आणि कोश म्हणजे तलवारीचं घर. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून रघुनाथपंत हणमंते यांनी १६७७ च्या सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ तयार केला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. त्यात शस्त्रांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. पण लोकांच्या तोंडी कोश बसला नाही, म्यानच राहिलं. ‘एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत’ ही म्हण तर मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही भाषांनी आपापली मानली. शब्द हातांबरोबर फिरतात, आणि हे काम करणारे हात बादशाही फौजेपासून मराठी फौजेपर्यंत तेच होते.

ते हात कुणाचे, हा या लेखाचा प्रश्न आहे. एखाद्या संग्रहालयात जाऊन तलवारीच्या कपाटाखालची पाटी वाचा. पात्याची लांबी, मुठीचा प्रकार, कोणत्या घराण्याची, कोणत्या शतकातली, सगळं लिहिलेलं असतं. म्यानाबद्दल बहुधा एकच शब्द, ‘म्यानासह’. पातं कुणाच्या कमरेला होतं ते इतिहासाने लिहून ठेवलं, ते ज्यात राहत होतं ती वस्तू कुणी शिवली हे लिहिलं नाही. लिहायला हवं होतं, असं माझं मत आहे, कारण आयुष्यातला फार मोठा काळ तलवार म्यानातच असते. दख्खनी शैलीची जुनी चित्रं पाहा. सुलतान, सरदार, दरबारी बसलेले किंवा उभे असतात आणि हातातली तलवार बहुतेक वेळा म्यानात असते. आपले आजचे पुतळे आणि कॅलेंडरवरची चित्रं मात्र कायम उपसलेली तलवार दाखवतात. त्या काळचे चित्रकार त्या लोकांच्या जास्त जवळ होते, एवढंच म्हणतो.

दुसरी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. मराठ्यांच्या पसंतीची फिरंग ही नावाप्रमाणेच फिरंग्यांकडून आलेली. तिचं पातं युरोपात घडलेलं असायचं, पोर्तुगिजांच्या किंवा दुसऱ्या व्यापाऱ्यांच्या मार्फत किनाऱ्यावर उतरायचं, आणि मग इथले कारागीर त्याला मूठ आणि म्यान करायचे. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला भेट दिलेली आणि आज तिथल्या राजसंग्रहात असलेली प्रसिद्ध तलवारही युरोपी पात्याचीच आहे. म्हणजे ज्या तलवारींना आपण आपल्या म्हणतो त्यांतल्या अनेकींमध्ये आपलं काय होतं? मूठ आपली आणि म्यान आपलं. पातं परकं असूनही तलवार दख्खनी वाटते ती या दोन गोष्टींमुळे.

तलवारीचं म्यान एका माणसाचं काम नव्हतं. आतमध्ये हलक्या लाकडाच्या दोन पातळ फळ्या, पात्याच्या आकाराने कोरून एकमेकींवर बसवलेल्या. हे सुताराचं काम. त्यावर कातडं किंवा मखमल. दरबारी म्यानाला लाल-हिरवी मखमल आणि जर, रणांगणावरच्या म्यानाला साधं कातडं. तोंडाशी धातूचं मोहनाळ, टोकाला धातूचं तहनाळ. ‘मुँह’ म्हणजे तोंड आणि ‘तह’ म्हणजे तळ, नावातच जागा सांगितलेली. ते लोहाराचं किंवा सोनाराचं काम. कातडं मढवणाऱ्यांत जिनगरांचं नाव घ्यावं लागतं. जिनगर म्हणजे जीन, अर्थात खोगीर करणारा. पण खोगिराबरोबर मढवायची इतर कामंही त्यांच्याकडे यायची, आणि राजस्थानात म्यान मढवण्याचं काम याच नावाच्या समाजाशी जोडलेलं आहे. कातडं कमावून देणारे ढोर. पात्याला धार आणि चकाकी देणारे शिकलगार. एका म्यानात दोन तलवारी राहत नसतील, पण एका म्यानात पाच-सहा जातींचे आणि दोन धर्मांचे हात नक्की राहत होते.

लाकूड आत कशासाठी, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कातड्याला पोलादाशी थेट भिडू द्यायचं नसतं म्हणून. झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्यात टॅनिन असतं आणि दमट हवेत ते ओलावा धरतं. टॅनिन, पाणी आणि लोखंड एकत्र आलं की काळा डाग पडतो. पूर्वी याच रसायनाने शाई करत, हिरड्याचा काढा आणि हिराकस मिसळून. आपल्या जुन्या पोथ्या-कागदपत्रांतली काही शाई आणि गंजलेल्या पात्यावरचा काळा डाग ही एकाच घरातली भावंडं. म्हणून आजही जाणकार सांगतात की चाकू कमरेला न्यायचा तेव्हा म्यानात, घरी महिनोन्महिने ठेवायचा तेव्हा म्यानाबाहेर, तेलाचा हात फिरवून.

श्रीमंती म्यानांवर एक खास कातडं असायचं, त्याची कृती ऐकण्यासारखी आहे. फारसीत त्याला कीमुख्त म्हणतात. घोड्याच्या किंवा गाढवाच्या पाठीमागच्या भागाचं कच्चं कातडं घ्यायचं, ओलं असताना त्यावर बारीक कठीण बिया पसरून दाबायच्या आणि वाळवायचं. बिया झटकल्या की खड्डे उरतात. मग वरचा थर खरवडून सपाट करायचा आणि पुन्हा पाण्यात घालायचं. जिथे बिया दाबल्या होत्या तो भाग पाण्याने फुगून वर येतो आणि दाणेदार कातडं तयार होतं. बहुधा त्याला हिरवा रंग देत. ओल्या हातातून न सटकणारं आणि झिजेला टिकणारं. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय, कच्चं कातडं कसं आकसतं आणि कसं फुगतं याच्या नुसत्या निरीक्षणातून कुणीतरी हे शोधलं. त्याचंही नाव आपल्याला माहीत नाही.

आता जवळ येऊ. कुपवाडहून मिरज काही लांब नाही. १९९८ पासून तर सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका आहे. आमच्या भागातल्या शाळांत शिकलगार आडनावाची मुलं हमखास असतात. एकदा वर्गात मी अशाच एका मुलाला आडनावाचा अर्थ विचारला. तो म्हणाला, “सर, शिकारी असतील.” शेजारचा म्हणाला, “नाही सर, शिकलेले असतील.” मूळ शब्द सैकलगर. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणं. तलवार लोहाराच्या भट्टीतून निघते तेव्हा ती काळी, बोथट पट्टी असते. तिला सहाणेवर धरून धार देणारा, आरसा करणारा तो सैकलगर. आपल्या जिभेवर तो शिकलगार झाला. या नावाचे मुस्लिम आहेत तसेच सिकलीगर शीखही आहेत. हत्यार सगळ्यांना लागत होतं, त्यामुळे हा हुनर कुणा एकाच्या मालकीचा राहिला नाही.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि फौजा मोडल्या. ज्यांच्या तलवारींना दर हंगामाला धार लागायची ते शिलेदारच राहिले नाहीत. पुढे १८५७ च्या उठावाच्या काळात दक्षिण मराठा मुलुखात हत्यारं काढून घेण्याची मोहीम निघाली. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी त्याच नोव्हेंबरात त्याविरुद्ध बंड केलं, ते चिरडलं गेलं. १८७८ मध्ये लिटनच्या काळात शस्त्रांचा कायदा झाला आणि ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं. इतिहासाच्या पुस्तकात हा कायदा ‘राष्ट्रीय अपमान’ या मथळ्याखाली येतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो रोजगाराचाही प्रश्न होता. धार लावणारा, मूठ बसवणारा, म्यान मढवणारा, पट्टा शिवणारा, या सगळ्यांचं गिऱ्हाईक हळूहळू संपत आलं. त्यांच्यासाठी कुणी बंड केलं नाही.

मिरजेच्या शिकलगारांनी काय केलं ते आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं, आणि सांगायलाच हवं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धनांच्या राज्यात, फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. त्यातून सतारमेकर हे नवं आडनाव आणि सतारमेकर गल्ली उभी राहिली. पंढरपूर भागातले भोपळे मिरजेत येऊ लागले, आणि मिरजेचे तानपुरे देशभर जाऊ लागले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, इथेच दफन झाले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात गाणं होऊ लागलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

या गोष्टीकडे लोक चमत्कार म्हणून पाहतात: तलवारवाले सतारवाले झाले! मला त्यात चमत्कारापेक्षा सलगता जास्त दिसते. तानपुऱ्याची जवारी लावणं म्हणजे घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका किंचित घासायचा की तार त्यावर नेमकी हवी तेवढीच टेकेल. एक फटका जास्त झाला की आवाज बसला. पिढ्यान्‌पिढ्या पात्याच्या धारेवर केसभर फरक ओळखणाऱ्या बोटांना हे काम जमणारच. आणि सतारीलाही घर लागतंच. वाद्याच्या खोळीला आपल्याकडे गवसणी म्हणतात. ‘आकाशाला गवसणी घालणं’ म्हणतो ती हीच. शिकलगारांच्या घरात म्यान गेलं आणि गवसणी आली.

पण म्यानाच्या दुसऱ्या बाजूचं, कातड्याचं काम करणाऱ्यांचं काय झालं? त्यांना कुठला दरबार मिळाला नाही. कातडं कमावणं हे घाणीचं, वासाचं काम, आणि ते करणाऱ्याला गावाने कायम वेशीबाहेर ठेवलं. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या अनुभव मंटपात ढोर कक्कय्या आणि चर्मकार हरळय्या यांना शरण म्हणून मानाचं स्थान मिळालं होतं. आमचा भाग कन्नड मुलुखाला लागून, त्यामुळे ही नावं इथल्या लोकांना परकी नाहीत. ढोर समाजाचे बरेच लोक आजही कक्कय्यांचं नाव लावतात. आठशे वर्षांपूर्वीची ती समता टिकली असती तर म्यान कुणी केलं हेही कदाचित लिहिलं गेलं असतं.

जुनी पद्धत अशी: कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचं. आमच्याकडे कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात साल-हिरडा नि पाणी भरून ती टांगून ठेवण्याची रीत होती. रस आतून बाहेर झिरपत राहतो आणि कातडं कमावलं जातं. सातारा-कोल्हापूरच्या डोंगरातला हिरडा या कामासाठी जहाजांतून परदेशीही जायचा. या कामाला दिवस नाही, आठवडे लागतात. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्झने क्रोम क्षारांनी कातडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टनने ती मद्रासेत आणली. क्रोमचं कातडं झटपट तयार होतं, मऊ असतं, बुटाला नि पिशवीला छान. पण म्यानाला ते चालत नाही. ते ओलं करून दाबलं तरी आकार धरत नाही, आणि त्यातले क्षार पोलादाला बाधू शकतात. जगभर आजही चांगलं म्यान करणारा कारागीर सालीने कमावलेलंच कातडं मागतो.

कातड्याची मागणी आपल्या जिल्ह्यातून कमी झाली त्याची कारणंही आपल्याच जिल्ह्यात आहेत. विहिरीवरची मोट कातड्याची असायची, पखाल कातड्याची, तेला-तुपाचे बुधले कातड्याचे, बैलाचं सगळं सामान कातड्याचं. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तिथे आधी लोखंडी नांगर झाले आणि १९२६ पासून पंप. पंपाने शेतकऱ्याचं भलं केलं यात वाद नाही. पण मोट गेली, आणि मोट शिवणाराही गेला. पखाल गेली, पखाली हे आडनाव राहिलं. उरली ती कोल्हापुरी चप्पल. २०१९ मध्ये तिला मानांकन जाहीर झालं तेव्हा महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात धरले गेले. आपला सांगली आणि सातारा दोन्ही त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या मंचावर तशाच चपला दाखवल्या, तेव्हा इथे केवढी ओरड झाली. ओरड योग्य होती. पण २०१५ पासून राज्यात बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली, कातडं मिळवणं अवघड झालं, त्याची वाहतूक करणाऱ्याला रस्त्यात भीती वाटू लागली, तेव्हा चपलेच्या प्रेमाने ओरडणारे फारसे दिसले नव्हते. वस्तू हवी, पण ती होते कशाची हे बोलायचं नाही, अशी आपली रीत.

आमच्या समाजालाही यात स्वतःकडे पाहायला हवं. बकरी ईदच्या दिवशी किती कातडी निघतात! पूर्वी ती मदरशांना दिली जायची आणि त्यांच्या वर्षाच्या खर्चाला तेवढाच आधार व्हायचा. गेल्या काही वर्षांत कातड्याचे भाव इतके पडले की अनेक ठिकाणी ती गोळा करायलाही कुणी येत नाही. मीठ लावायचा खर्चही निघत नाही म्हणतात, आणि मग ती उकिरड्यावर जातात. हदीसमध्ये प्रसंग आहे: हजरत मैमूना यांच्या घरातल्या मदतनीस बाईची बकरी मेली होती, ती टाकून दिलेली पाहून पैगंबर (स.) यांनी विचारलं की तिचं कातडं कमावून वापरलं का नाही. कमावलं की कातडं पाक होतं, हा नियम फिकहच्या पुस्तकांत याच अनुषंगाने येतो. मेलेल्या बकरीच्या कातड्याबद्दल ही काळजी, आणि आपण कुर्बानीचं कातडं फेकतो.

हत्यार झाकण्याबद्दलही तीच काळजी दिसते. उपसलेली तलवार एकमेकांच्या हातात देऊ नये, असं सांगितलेलं आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेताना त्यांची टोकं हाताने धरावीत, म्हणजे कुणाला लागणार नाही, असंही. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी धारदार ठेवा, पण त्याच्यासमोर धार लावू नका. धार आणि झाकण दोन्ही एकाच दमात. प्रत्यक्षात ईदच्या सकाळी कसाईभाई मोहल्ल्यात येतात तेव्हा त्यांच्या सुऱ्या आणि सत्तूर गोणपाटात किंवा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेले असतात, आणि ते पोतं मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेलं. धारेसाठी आदल्या आठवड्यात रांग लागते, म्यानाची आठवण कुणालाच नसते.

शेतातही तेच. ऊसतोडीचा कोयता उसाच्या ट्रॅक्टरवर, पोरंबाळं बसलेली असतात त्याच बोचक्यात खोचलेला असतो. फार तर पात्याला जुना कपडा गुंडाळलेला. कोकणात माणसं कमरेला मागे आकडी बांधून तीत कोयती अडकवतात. हात मोकळे राहतात, पण पातं उघडंच. नेपाळी खुकरीचं पाहा: पातं कामी समाजाचे लोहार घडवतात आणि म्यान सार्की समाजाचे चर्मकार, लाकडाच्या गाभ्यावर कातडं चढवून. मागे कर्दा आणि चकमक या दोन छोट्या पात्यांसाठी वेगळे कप्पे. फिनलंडमध्ये पुक्को नावाचा साधा चाकू असतो. त्याचं म्यान ओलं कातडं चाकूवरच दाबून, मागच्या बाजूने शिवतात. चाकू अर्ध्या मुठीपर्यंत आत जातो आणि फक्त घट्टपणावर राहतो; बटण नाही, बंद नाही. त्या देशात शेतकरी, कोळी, शाळकरी मुलं सगळ्यांना म्यानाची सवय आहे.

चांगलं म्यान ओळखायचं कसं, हे आता सांगून टाकतो. आधी कातडं: पाठीच्या भागाचं, घट्ट, पोटाचं सैल असतं, ते काही महिन्यांत ताणतं. मग शिवण. दोन्ही पदरांच्या मध्ये, धारेच्या बाजूने, कातड्याची एक जाड पट्टी घातलेली असावी. ती नसेल तर चाकू आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर घासते, आणि एक दिवस पातं शिवण कापून बाहेर येतं, बहुधा वापरणाऱ्याच्या बोटातून. दुकानातल्या स्वस्त म्यानांत हीच पट्टी वाचवलेली असते. मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुई, आणि एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुई काढून घातलेले टाके. असा एक टाका तुटला तरी शेजारचा धरून राहतो. मशीनची शिवण एका टाक्यावर उसवत जाते. कडा नुसत्या कापून सोडलेल्या नसाव्यात, घासून गुळगुळीत केलेल्या असाव्यात, म्हणजे पाणी शिरत नाही. शेवटी परीक्षा: चाकू आत घालून म्यान उलटं करून झटका द्या. पडला तर म्यान सैल. आणि अंगठ्याने ढकलून काढताना दोन्ही हात लावावे लागले तर तेही वाईट. या दोन्हींच्या मधली जागा मोजपट्टीने सापडत नाही.

कायद्याची शंका काहींना येईल. घरगुती किंवा शेतीच्या कामाच्या चाकूला अडचण नाही. परवान्याचा प्रश्न नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, अशा कामांसाठी नसलेल्या हत्यारांचा आहे. हौसेने तलवारी घेऊन मिरवणाऱ्या पोरांना हा लेख उपयोगाचा नाही.

माझ्या मेव्हण्याची मिरज तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबरच्या छाटणीत त्याच्या खिशातला कलमाचा चाकू उघडून मांडीला लागला, चार टाके पडले. मी ओळखीच्या एका चपला करणाऱ्या चाचांकडे तो चाकू घेऊन गेलो. त्यांनी आयुष्यात म्यान केलं नव्हतं. चाकू हातात घेऊन उलटासुलटा केला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि विचारलं, “उजव्या हाताचा की डावखुरा?” मी म्हटलं डावखुरा. मधल्या पट्टीबद्दल सांगायला मी तोंड उघडलं तर म्हणाले, “ते कळतं हो गुरुजी, नाहीतर दोरा कापणार की.” कोल्हापुरीच्या तळाचं जाड कातडं त्यांनी पाण्यात टाकलं, चाकूला तेल लावून प्लास्टिकचा कागद गुंडाळला, कातडं त्यावर दाबून बोटांनी मुठीचा बाक उठवला आणि दोरीने बांधून सावलीत ठेवलं. दोन दिवसांनी आणायला गेलो तेव्हा आरीने भोकं पाडून, वादीऐवजी मेणाच्या दोऱ्याने शिवून तयार होतं. खाली टोकाला एक बारीक भोक होतं. ते कशाला, म्हणून विचारलं.

“बागेत फवारणी असते ना,” ते म्हणाले. “पाणी शिरलं तर कुठून जाणार?”

पैसे किती द्यायचे यावर मात्र आमचं जमेना. हे काम त्यांच्या दराच्या कागदावर नव्हतं. शेवटी एका चपलेच्या जोडाचे निम्मे असं ठरलं. म्यानाच्या आतल्या बाजूला नाव किंवा खूण घाला म्हटलं, तर ते हसले आणि पुढच्या जोडाचा तळ कापायला घेतला.